निशीच्या खोलीतली वाळू

१

आधीच सांगतो, मला भुताखेतातलं काय कळत न्हाय आणि कळून घ्यायची हौस बी न्हाय. पटलं तर ऐका, न्हायतर उठून जावा, मी राग मानणार न्हाय. म्हणजे मानीन, पण बोलून दाखवणार न्हाय.

मी केरबा. कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत जनावरांच्या पेंडीचं माझं दुकान हाय, आणि दुकानाच्या समोर रस्ता ओलांडला की घर. दुकानाआधी मी कुस्ती करत हुतो. उजवा गुडघा गेला तवा सोडली, पण सोडली तोवर माझ्या पाठीला कुणी माती लावली नव्हती. हे मी जरा जास्तच सांगत बसतो, असं माझी बायको संयोगिता म्हणती. म्हणू दे.

आम्हाला एकच लेक. निशिगंधा, आठ वर्षांची. आम्ही निशी म्हणतो. तिला दम्याचा त्रास हाय आणि गाडी लागती. समुद्र बघायचा म्हणून दोनदा निघालो, आणि दोन्ही येळेला गगनबावड्याच्या घाटापातुर जाऊन परत आलो. पोरगी वकून वकून निळी पडली हुती. धुक्यात टपरीवर बसून भजी खाल्ली आणि गाडी माघारी वळवली. "पप्पा, समुद्र किती लांब ऱ्हायला?" तिनं विचारलं हुतं. "ह्यो काय, ह्या धुक्याखालीच हाय," मी म्हणालो. ती काचेला नाक लावून धुक्याकडं बघत बसली.

मग संयोगितानं मोबाईलवर कायबाय बघून ठरवलं, की पोरगी समुद्राकडं जात नसंल तर समुद्र तिच्या खोलीत आणायचा. मी आधी हसलो. पण निशीचं तोंड बघितलं आणि दुसऱ्या दिवशी रंगारी बोलावला. तीन भिंती आकाशी, चौथीवर निळं-पांढरं पट्टं. रंगारी म्हणाला, "पैलवान, दवाखाना काढताय काय?" सुताराला बोटीच्या आकाराचा पलंग सांगितला हुता. त्या गड्यानं जन्मात बोट जवळनं बघितली नव्हती. त्यानं जे केलं ते बोट कमी आणि जनावरांची गव्हाण जास्त दिसत हुतं. तरी निशी त्यात उड्या मारत बसली. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब तांबडी-पांढरी रंगवून भिंतीला टांगली. पडदा म्हणून मासं धरायचं जाळं. शिंपल्यांच्या माळा. संयोगितानं जुन्या मोज्यांचा आठ पायांचा प्राणी शिवला, आणि लाईटच्या बोर्डावर खेकडा असा काढला की दोन बटणं म्हणजे त्याचं डोळं. रोज दिवा लावताना खेकड्याच्या डोळ्यात बोट घालायचं. निशीला ह्याचं लई हसू यायचं.

ऱ्हायली हुती वाळू. अर्ध्या खोलीत फळ्यांची चौकट ठोकली, खाली जाड प्लास्टिक अंथरलं. पेंडीची रिकामी पोती पिकअपमध्ये टाकून मी एकटाच घाट उतरून गेलतो आणि किनाऱ्यावरनं भरून आणली.

२

आता हितं माझी चूक झाली. चूक म्हणावी का न्हाय, मला अजून समजंना झालंय. कोल्हापुरात तालमीत वाढलेल्या कुणालाबी विचारा, तो हेच करंल.

वाळू चाळून चौकटीत भरली, आणि माझा हात आपोआप हळदीच्या डब्याकडं गेला. तालमीच्या हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली माती अशी नुसती कधी ठेवत न्हाईत. तिच्यात हळद घालायची, लिंबू पिळायचं, तेल, ताक, कापूर घालायचा. अंगाला खरचटलं तर चिघळू नये म्हणून. मी ते सगळं घातलं आणि फावड्यानं वाळू खालवर केली.

"अवो, वाळू हाय ती," संयोगिता दारातनं म्हणाली. "तालमीतली माती न्हवं."

"पोरगी खेळणार हाय. खरूज-बिरूज व्हायला नगं."

"आणि नारळ कशाला?"

"आता घातलंच हाय सगळं तर नारळ बी फोडतो. तुझं काय जातंय?"

ती तोंड वाकडं करून गेली. मी नारळ फोडला, उदबत्ती लावली, चपला काढून आत उतरलो. चिमूटभर वाळू उचलून कपाळाला लावली. पाय वाळूत रुतलं आणि काय सांगू, किती वर्षांनी अंगातनं काहीतरी सळसळत गेलं. निशी बोटीत बसून बघत हुती. म्हणाली, "पप्पा, पैलवान व्हा की."

मी पवित्रा घेतला आणि शड्डू ठोकला. मांडीवर असा सणसणीत हात मारला की खोली दणाणली.

शड्डू म्हणजे काय ते बाहेरच्या पावण्यांना सांगावं लागतं. हौद्यात उभं ऱ्हाऊन मांडी ठोकली म्हणजे आव्हान दिलं. जो कोण असंल त्यानं समोर यावं. उगंच गंमत म्हणून कोण ठोकत न्हाय.

जाळ्याच्या पडद्याकडच्या कोपऱ्यातनं जबाब आला. तसाच शड्डू, पण ओल्या मांडीवर ठोकल्यागत.

निशीचं हसू थांबलं. ती माझ्याकडं न्हाय, माझ्या खांद्याच्या मागं बघत हुती. "पप्पा," ती म्हणाली, "दोघांनी वाजवलं."

"आवाज घुमतोय गं," मी म्हणालो. "नवी खोली हाय."

पण माझं गोदाम हाय. रिकामं गोदाम घुमतं, भरलेलं घुमत न्हाय, हे मला रोज ऐकायला मिळतं. ती खोली गाद्या, जाळी, उशा, वाळू ह्यांनी गच्च भरली हुती. तितं आवाज घुमायला जागाच नव्हती. हे मला त्याच येळेला कळलं हुतं, पण मी निशीला उचलून जेवायला घेऊन गेलो.

३

संध्याकाळी वाळू फळीनं सारखी करून ठेवायची, ही बी तालमीतलीच सवय. सकाळी दुकान उघडायला जायच्या आधी मी निशीच्या खोलीत डोकावलो. ती बोटीत गाढ झोपली हुती. वाळूत पायांचं ठसं उमटलं हुतं.

एक डावा पुढं, एक उजवा मागं, बोटं आत खुपसलेली. पैलवान पवित्र्यात उभा ऱ्हायला की असंच उमटतं. मी आपला पाय त्यात ठेवून बघितला. तंतोतंत बसला. म्हटलं, केरबा, कालचं तुझंच असणार, फळी फिरवायला विसरलास. बरं वाटलं. मग उजव्या ठशाकडं परत बघितलं. टाच चांगली खोल रुतली हुती. गुडघा गेल्यापास्नं माझी उजवी टाच भार घेतच न्हाय, मी त्या पायानं नुसता टेकतो. आणि ते ठसं बोटीकडं तोंड करून हुतं.

मी फळी फिरवून टाकली. संयोगिताला सांगितलं न्हाय. काय सांगणार हुतो? पायाच्या ठशाला भ्यालो म्हणून?

चार-पाच दिवसांनी ती निशीची वेणी घालत हुती. केस वर केलं आणि तिचा हात थांबला. "हे काय गं?"

निशीच्या मानेवर वळ हुतं. एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला अंगठा. मोठ्या माणसाचा पंजा. संयोगितानं ते बघितलं, आणि मग तिची नजर माझ्या हाताकडं गेली. फक्त एकदा गेली आणि लगेच बाजूला झाली.

मला राग येतो हे गावाला ठाऊक हाय. वजनात खोट काढणाऱ्या एकाला मी भर बाजारात आडवा केलाय, ते बी कुणी विसरलं न्हाय. पण घरात मी कधी हात उचलला न्हाय, बायकोवर न्हाय, पोरीवर तर न्हायच न्हाय. मी तसं मोठ्यांदा बोललो.

"मी काय म्हटलं?" संयोगिता म्हणाली.

निशीच म्हणाली, "तो मान धरतो. धरून ढकलून बघतो. मग सोडतो."

"कोण?"

"वाळूतला. तो म्हणतो, तू लई लहान हायस."

कुस्ती सुरू झाली की पैलवान आधी मानेवर हात टाकून समोरच्याचं बळ अजमावतो, त्याला आम्ही खडाखडी म्हणतो. हे मी निशीला कधी शिकवलं नव्हतं. तिला तालमीत बी कधी नेलं नव्हतं, तितल्या धुळीनं दम लागतो म्हणून. त्या दिवसापास्नं ती आमच्यात झोपायला लागली आणि खोलीला बाहेरनं कडी घातली.

४

दुपारची येळ. निशी शाळेत गेली हुती. मी गोदामात पोती लावत हुतो. रस्त्यापलीकडनं संयोगिताची किंकाळी आली. माणूस असा ओरडू शकतो हे मला तवा कळलं.

ती वाळूत पालथी पडली हुती. उजवा हात कोपरापास्नं उलटा वळला हुता, जिकडं हात वळतच न्हाय तिकडं. हाड कातडीखालनं वर आलं हुतं. पाठीवर गाऊन ओला झाला हुता, एका गुडघ्याच्या आकाराचा ओला डाग. तोंडात, नाकात, डोळ्यांत वाळू. मी तिला उचललं तवा ती माझ्या हातातनं सुटायला धडपडत हुती.

"मी हाय," मी म्हणालो. "संयोगिता, मी हाय गं."

"सोडा मला," ती म्हणाली. "सोडा."

गाडीत तिनं तुटक तुटक सांगितलं. फळ्यांबाहेर सांडलेली वाळू झाडून घ्यावी म्हणून ती आत गेली हुती. मागनं दम लागल्यागत श्वास ऐकू आला. मग हात आला. "तुमचाच वाटला," ती म्हणाली. "तेलाचा वास हुता. म्हटलं चेष्टा करताय. मग त्यानं पिळला."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं मला बाहेर काढलं आणि दार लावून तिला एकटीला काय काय विचारलं. व्हरांड्यात ओळीनं बाया बसल्या हुत्या. सगळ्या माझ्या दंडाकडं बघत हुत्या, मग हळूच एकमेकींकडं. मी आतल्या आत पेटलो हुतो. ओरडून सांगावंसं वाटत हुतं, की मी न्हवं, मी पोती लावत हुतो. आणि तवा माझ्या नखांत वाळू दिसली.

तिला उचलताना लागली असणार. दुसरं काय? दुकानात त्या येळेला गिऱ्हाईक कुणी नव्हतं, हे खरं. पण मी पोती लावत हुतो असं मला आठवतंय. आठवतंय म्हणजे लावतच हुतो की. मी व्हरांड्यात बसून चावीच्या टोकानं एकेक नख साफ केलं.

५

दुसऱ्या दिवशी संयोगिताला आणि निशीला कागलला तिच्या भावाकडं सोडून आलो. परत येऊन शर्ट काढला, फावडं घेतलं आणि खोलीत शिरलो. म्हटलं, एवढी वाळू पोत्यात भरायची आणि वढ्यात नेऊन वतायची, झालं मिटलं. एवढ्या साध्या गोष्टीला मी इतकं दिवस का घाबरलो, ह्याचा माझाच मला राग आला. डोळ्यात बोट घालून खेकड्याचा दिवा लावला.

एक पोतं भरलं. दुसऱ्याचं तोंड उघडलं आणि मागनं कुणीतरी माझ्या कमरंला मिठी मारली.

ओली, गार मिठी. मी पाय रोवायला गेलो आणि पायाखालची वाळूच सरकली. बगलंतनं हात मानेवर आला, कुल्ला माझ्या कमरंखाली घुसला, आणि मी वर उचललो गेलो. मी काय हलका गडी न्हाय. मी हवेत फिरलो आणि बोटीवर जाऊन आदळलो. फळ्या मोडल्या, बरगडीत कडकन आवाज झाला. तोंडातनं रक्त आलं. ट्यूब अंगावर पडली, शिंपल्यांच्या माळा तुटून डोळ्यांपुढं सांडल्या.

तो डाव ढाक हुता. ज्या ढाकेवर मी मैदानं मारली, लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवलं, तीच माझी ढाक. ती कशी बसती हे मला पहिल्यांदाच कळलं.

मी मोडक्या बोटीत पडून ऱ्हायलो. आता येणार आणि मान मोडणार असं वाटत हुतं. पण कुणी आलं न्हाय. वाळूत माझ्यासमोर दोन ठसं उमटलं, पवित्र्यातलं, आणि तसंच ऱ्हायलं. तो थांबला हुता. मी उठायची वाट बघत हुता. पडलेल्या गड्यावर तयारी नसताना हात टाकायचा न्हाय, ही आमची रीत. मी रांगत बाहेर आलो.

फोन वाजत हुता. संयोगिता हुती. "अवो, निशी खोकतिया," ती म्हणाली. "तोंडातनं वाळू येतिया."

"खाल्ली असंल."

"मूठ-मूठ येतिया वो. ओली वाळू. एवढ्याशा तोंडात मावणार न्हाय एवढी आली." ती रडायला लागली. "डॉक्टर म्हणतोय पोरं खात्यात माती. तिचं ओठ निळं पडल्यात. गगनबावड्याला पडलं हुतं त्यापेक्षा जास्त. तुमी कायतरी करा."

मागं निशीचा खोकला ऐकू येत हुता. मधी मधी थांबायचा, आणि थांबला की श्वास बी ऐकू यायचा न्हाय. मी बरगडी धरून भिंतीला टेकलो आणि म्हणालो, "करतो."

६

आमच्या तालमीचं वस्ताद आण्णा आता थकल्यात. शहरात तालमीच्या दारातच खाटंवर पडून असत्यात. मी रुमालात बांधून वाळू नेली हुती. सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील, न्हायतर कानाखाली जाळ काढतील. त्यांनी रुमाल नाकाला लावला.

"हळद. लिंबू. कापूर," ते म्हणाले. "नारळ फोडलास?"

"फोडला."

"आणि मग शड्डू ठोकलास."

"व्हय. पोरीला दाखवायला, वस्ताद."

"हौद्याला काय ठावं, तू कुणाला दाखवायला ठोकलास ते?" त्यांनी रुमाल माझ्या हातात परत दिला. "मग आता काय इचारायला आलास?"

"तो कोण हाय?"

"मला काय ठावं? मैदानात समोर येतो त्याचं गाव इचारत बसतोस काय? तू कुस्ती मागितलीस, त्यानं हात दिला. आता कुस्ती देणं हाय तुझं. पाड, न्हायतर पड. त्याबिगर तो मैदान सोडायचा न्हाय."

"माझा गुडघा न्हाय वस्ताद. आता बरगडी बी गेली."

आण्णांनी माझ्या दंडावर थाप मारली, पोरगा असताना मारायचे तशी. मी वाकून पाया पडलो आणि गाडीकडं आलो. चावी फिरवली तवा मागनं त्यांचा आवाज आला, "केरबा, लढून पड."

मी ऐकलं. ऐकू आलं न्हाय असं मी म्हणणार न्हाय. पण गाडीत माझ्या डोक्यात एकच हुतं, की पडलं की मिटतंय. कसं पडलं ह्याला कोण विचारतंय? एका बाजूला माझी पाठ आणि दुसऱ्या बाजूला माझी लेक. पाठीचा तोरा मी आयुष्यभर मिरवला, लोकांना कंटाळा येस्तोवर मिरवला. आता तो पोरीवरनं ओवाळून टाकायचा. मला रडू येत हुतं, पण आतनं हलकं बी वाटत हुतं.

७

घरी आलो तवा ऊन उतरलं नव्हतं. पट्ट्यांच्या भिंतीवर जाळ्याची सावली पडली हुती. मोज्यांचा प्राणी खाली पडला हुता, तो उचलून कोनाड्यात ठेवला. लंगोट कसला. वाळूत उतरलो, कपाळाला वाळू लावली, आणि थांबलो.

फार थांबायला लागलं न्हाय. कोपऱ्यात वाळू सरकल्याचा आवाज आला, मग श्वास. मग मानेवर हात पडला. गार, तेलकट, आणि बळ एवढं की माझं डोकं आपोआप खाली गेलं. मी बी सवयीनं त्याच्या मानेवर हात टाकला. हाताला कातडी लागली न्हाय. ओली वाळू घट्ट दाबून धरावी तसं काहीतरी लागलं, आणि ते आतनं धपापत हुतं.

मी मान वर केली. तोंड दिसलं न्हाय. जाळ्यातनं उन्हाचा एक पट्टा येत हुता, त्यात फक्त कान दिसलं. मोडून गोळा झालेलं, पैलवानाचं कान. डाव्या कानाची वरची कड फाटलेली. माझा बी डावा कान तसाच हाय.

मी डोळं मिटलं, अंग सैल सोडलं आणि पाठीवर पडलो.

पाठीला वाळू लागली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. खांदं दोन्ही टेकवलं, नीट टेकवलं, कुणी पंच असता तर त्याला शंका ऱ्हायली नसती. "घे," मी म्हणालो. "जिंकलास. जा आता."

छातीवर गुडघा आला. मोडलेली बरगडी आत घुसली आणि माझा श्वासच बंद झाला. मग गुडघा निघाला. पाठीखाली हात आला आणि मला वर उचललं, पायांवर उभं केलं. मी परत पडलो. परत उचललं, ह्या खेपेला केसाला धरून. एक फटका तोंडावर बसला, दोन दात जिभेवर आलं. तिसऱ्यांदा पडलो तवा त्यानं माझा उजवा गुडघा धरला आणि बाजूला पिळला. जे काय त्यात शिल्लक हुतं ते तुटलं. मी गुरासारखा ओरडलो, पण हात उचलला न्हाय. "लढणार न्हाय," मी म्हणत हुतो. "घे की. घे आणि माझ्या पोरीला सोड."

मग सगळं थांबलं. अंगावरचं वजन गेलं. श्वास लांब गेला. मला वाटलं, मिटलं. मी तसाच पडून हुंदकं देत हुतो. निशीचं ओठ तांबडं झालं असतील, असं मनात आलं.

आणि त्याच्या मागोमाग दुसरं मनात आलं. कोल्हापुरात माणूस हरलेल्याला माफ करतो, नुरा करणाऱ्याला करत न्हाय. नुरा म्हणजे ठरवून हरलेली खोटी कुस्ती. लहानपणी खासबागेच्या मैदानात अशी कुस्ती आम्ही लगेच ओळखायचो आणि पायातल्या चपला फेकायचो. मग पंच काय करायचे, तर त्या गड्याला दंडाला धरून मैदानाबाहेर काढायचे, आणि त्याच्या जागी दुसरा गडी उतरवून पुढची जोड लावायचे.

मी मान वळवली. माझ्या डोक्यापास्नं फळ्यांकडं वाळूत ठसं उमटत चाललं हुतं. पहिला माझ्या पायाएवढा. त्याच्या पुढचा बोटभर लहान. त्याच्या पुढचा आणखी लहान. फळ्यांजवळचा शेवटचा ठसा माझ्या तळहातात मावला असता.

८

मोबाईल शर्टाच्या खिशात, शर्ट दाराच्या खिळ्याला. गुडघा वढत, सरपटत गेलो. शर्ट खेचून खाली पाडला. रक्तानं बोट घसरत हुतं, नंबर लागंना. मग लागला.

"अवो, मी आत्ता तुम्हाला फोन करणार हुते," संयोगिता म्हणाली. तिचा आवाज हसरा हुता. किती दिवसांनी. "निशी एकदम बरी झाली. खोकला बंद. उठली, दूध-भाकरी खाल्ली, आणि अंगणात खेळायला बी गेली."

"तिला आत घे," मी म्हणालो. तोंडात पुढचं दात नव्हतं, शब्द नीट येईना.

"काय? नीट बोला की. काय झालंय?"

"आत घे तिला. एकटी हाय काय ती?"

"एकटी कुठली? एक पोरगी आलीय खेळायला. शेजारची असंल. निशीच्याच उंचीची, तिच्यासारखीच बारीक." तिचा आवाज अंगणाकडं वळला. "केस ओलं हायत तिचं. आंघोळ करून आली जणू."

"संयोगिता, पळ. पोरीला उचल."

"माझा हात बांधलाय वो, उचलू कशी? खेळू दे की जरा. बघा तरी, मान धरून ढकलाढकली चाललीय दोघींची, आणि निशी कशी हसतिया—"

मग तिचं बोलणं तुटलं. फोन कशावर तरी आपटला. चपलांचा आवाज पळत लांब गेला. मी फरशीवर पडून गाडीची चावी शोधत हुतो, उभं ऱ्हायला पाय नव्हता, आणि फोन कानाला दाबून धरला हुता. कागलच्या अंगणातनं निशीचं हसू ऐकू येत हुतं. तिला दम लागला हुता, तरी ती हसत हुती. मग ती हसायची थांबली.